आप्पांचा डेमो

"नमस्कार. मी श्रीरंग टिळेकर, वरिष्ठ सल्लागार," असं म्हणत आप्पा आमच्या मीटिंग रूममध्ये शिरले आणि माझ्या हातातला चहा माझ्याच ओढणीवर सांडला.

आप्पा म्हणजे माझे वडील. सख्खे. सकाळीच फोनवर आमचं बोलणं झालं होतं. गॅसवाल्याचे पैसे मी द्यायचे की त्यांनी, यावरून थोडी हुज्जतही झाली होती. आणि आता तेच आप्पा राखाडी ब्लेझर घालून, खांद्याला लॅपटॉपची बॅग अडकवून माझ्यासमोर उभे. तो ब्लेझर मी कधी पाहिला नव्हता. खांद्यात जरा ढगळ होता. त्यांनी जयकर मॅडमना नमस्कार केला, आयटीच्या इनामदारांना केला, मग माझ्याकडे वळले.

"नमस्कार मॅडम."

चेहरा अगदी गंभीर. पण हसू दाबताना त्यांचा डावा गाल आत ओढला जातो हे मला लहानपणापासून ठाऊक, आणि तो चांगलाच ओढला गेला होता. माणूस मनातून पार हरखला होता. मीही नमस्कार म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

थोडं मागचं सांगते, म्हणजे तुम्हाला नीट कळेल. मी तेव्हा दूध आणि आइस्क्रीमच्या एका मोठ्या कंपनीत फायनान्समध्ये मॅनेजर होते. मोठी म्हणजे किती, तर नुसत्या फायनान्समध्येच शेकडो माणसं, कारखाने चार राज्यांत, डेपोंचं तर विचारूच नका. एवढा पसारा, पण खर्चाची मंजुरी अजून मेलवर, एक्सेलमध्ये नाहीतर खाकी पाकिटांतून चालायची. कोण कशावर खर्च करतंय हे आम्हाला कळेपर्यंत तो खर्च होऊन जुना झालेला असायचा. शेवटी वरून हुकूम आला की सेल्समनच्या चहापासून बॉयलरच्या खरेदीपर्यंत सगळा खर्च एकाच सॉफ्टवेअरमधून झाला पाहिजे. ते सॉफ्टवेअर निवडायला तिघांची समिती नेमली. फायनान्सच्या मुख्य जयकर मॅडम, आयटीचे इनामदार आणि मी.

बऱ्याच कंपन्या येऊन गेल्या, तीन उरल्या. त्यातल्या दोन बड्या, चकचकीत. पण त्यांचं घोडं एकाच ठिकाणी अडायचं. आमच्या डेपोंची निम्मी बिलं हाताने लिहिलेली, मराठीत. बर्फवाला, हमाल, पंक्चरवाला, गॅरेजवाला. ती चिठोरी समोर आली की या बड्या सॉफ्टवेअरना काही म्हणजे काही वाचता यायचं नाही. तिसरी कंपनी बाणेरची, छोटीशी, ऋत्विक चांदोरकर नावाच्या तिशीतल्या मुलानं काढलेली. त्याचा दावा असा की हाताने लिहिलेलं मराठी बिल त्याचं मशीन स्वतः वाचतं. फोटो टाकायचा, थोडं थांबायचं, की नाव, तारीख, रक्कम सगळं आपोआप भरून येतं. हे खरं असेल तर निवड झाल्यातच जमा होती.

जयकर मॅडमची एक अट मात्र पक्की होती आणि ती त्यांनी तिन्ही कंपन्यांना तोंडावर सांगितली होती. आमचा कागद बाहेरच्या माणसाच्या नजरेखालून जाता कामा नये. कामगारांची दवाखान्याची बिलंसुद्धा त्याच सॉफ्टवेअरमधून जाणार होती. कोणाला काय आजार आहे, कोणाची बायको कुठे दाखल आहे, हे परक्यानं वाचायचं कारणच काय?

आता आप्पा. आप्पांनी भोसरीच्या एका गिअर बनवणाऱ्या कारखान्यात सगळी हयात अकाउंट्समध्ये काढली. कारखाना बंद पडला आणि हातीपायी धड असतानाच माणूस घरी बसला. बसणं त्यांना जमलंच नाही. रोज सकाळी दाढी, इस्त्रीचा शर्ट, पायांत बूट, आणि मग गॅलरीतल्या खुर्चीत. आई म्हणायची, "अहो, बूट तरी काढा." काढायचे नाहीत. अर्ज तर किती केले असतील! सगळीकडे "काका, कळवतो" एवढंच. एकदा एका पोरगेल्या साहेबानं मुलाखतीला बोलावलं आणि पाणी पाजून परत पाठवलं. त्या दिवशी आप्पा जेवले नाहीत. मी कुठे शब्द टाकू का म्हटलं की खवळायचे. लेकीच्या ओळखीवर नोकरी करायची वेळ अजून आली नाही, म्हणायचे.

आणि मग एके दिवशी पेढ्यांचा पुडा घेऊन दारात. नोकरी लागली! कुठल्याशा आयटी कंपनीत. नाव विचारलं तर "वेळ आली की कळेल" म्हणून डोळे मिचकावले. आम्ही फार खोदून विचारलं नाही. घरात पुन्हा गप्पा सुरू झाल्या होत्या, आप्पा आईची चेष्टा करायला लागले होते, तेवढं आम्हाला पुष्कळ होतं.

तर ती वेळ म्हणजे ही. आणि खरं सांगते, आप्पांनी डेमो झकास केला. बाकीचे विक्रेते नुसतं स्क्रीनवरचं वाचून दाखवायचे. आप्पांनी सरळ विचारलं, "मॅडम, तुमच्या डेपोवर एखाद्यानं मोठ्या खरेदीचे तीन तुकडे केले, वरच्या साहेबाची सही चुकवायला, तर आज तुम्हाला कळतं का?" जयकर मॅडम पुढे सरकून बसल्या. आप्पांनी तो प्रकार सॉफ्टवेअरमध्ये कसा पकडला जातो ते दाखवलं. इनामदार कोणाला सहसा चांगलं म्हणत नाहीत, तेही म्हणाले, "माणूस कामातला आहे." माझी छाती अशी फुगली! आणि त्याच वेळी, आता हे मॅडमना सांगावं लागणार, हेही लक्षात आलं.

सगळे गेल्यावर मी दार लावून घेतलं.

"मॅडम, ते माझे वडील आहेत."

"टिळेकर?" जयकर मॅडमनी चष्मा काढला. "आडनाव लक्षात आलं होतं माझ्या. म्हटलं, हडपसरचे टिळेकर काय कमी आहेत?"

"मला खरंच माहीत नव्हतं. ते तिथे आहेत हे मला आज कळलं."

"तुला माहीत नव्हतं यावर माझा विश्वास आहे," त्या म्हणाल्या. "त्या चांदोरकरला मात्र माहीत होतं, यावरही आहे."

तोवर ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. शप्पथ. मी आपली आप्पांच्या ब्लेझरकडे बघत बसले होते.

"त्यांना गुण तू द्यायचे नाहीस, ते मी आणि इनामदार बघू," मॅडम म्हणाल्या. "बाकी कामात राहा. आणि नीलांबरी, त्या कंपनीबद्दल तुला काही कळलं, कुठूनही, तर ते माझ्यापर्यंत आलं पाहिजे. चालेल?"

"चालेल," मी म्हटलं. किती सहज म्हटलं!

खाली पार्किंगमध्ये ऋत्विक चांदोरकर माझ्या गाडीपाशीच उभा होता. गोड बोलणारा पोरगा, समोरच्याला मध्ये बोलायची फट ठेवायचा नाही.

"काकांनी आज बाजी मारली ना मॅडम? आम्ही लकी आहोत. खरं सांगू का, छोटी कंपनी आमची, सगळं या एका ऑर्डरवर आहे. ऑर्डर आली की काकांना कायम करायचं ठरलंय. नाही आली तर मग, काय करणार, आमचाही नाइलाज. आणि या वयात त्यांना दुसरीकडे म्हणजे... तुम्ही जाणताच."

"तुम्ही त्यांना कशासाठी घेतलंत?" मी विचारलं.

"अनुभव!" तो हसला. "अनुभवाला तोड नाही मॅडम."

त्याच्या एका शब्दालाही हरकत घेता आली नसती. मला मात्र किळस आली. घरी जाताना रस्ताभर मी त्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या, आणि आप्पांना हे कसं सांगायचं याची वाक्यं जुळवत राहिले. एकही जुळलं नाही.

शनिवारी संध्याकाळी हडपसरला आई-आप्पांकडे गेले. दार उघडंच होतं. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, समोर आप्पा, आणि त्यांच्यापुढे खुर्चीत, मेथीची जुडी मांडीवर घेऊन आई. आप्पा पुढच्या डेमोची तयारी करत होते आणि आईला गिऱ्हाईक केलं होतं.

"आलीस? बस, बस. मध्ये बोलू नकोस," आप्पा मला म्हणाले. "हां, तर तू कोल्हापूर डेपोची मॅनेजर."

"मला नको कोल्हापूर," आई म्हणाली. "मला सासवड द्या. माहेर तरी जवळ."

"बरं बाई, सासवड. आता सांग, ही मेथी कोणाच्या मंजुरीनं आणलीस?"

"मंजुरी? आधी निवडायला बसा, मग मंजुरी विचारा."

मी खो खो हसले. आप्पाही हसले. किती दिवसांनी मी त्यांचे सगळे दात पाहिले असतील! मग त्यांनी आईला चिठ्ठी लिहायला लावली. तिनं लिहिलं: कांदे, बटाटे, मेथी, खाली भाजीवाल्याचं नाव आणि रक्कम. अक्षर असं की तिचं तिला दुसऱ्या दिवशी लागत नाही. आप्पांनी मोबाइलवर फोटो काढून टाकला. स्क्रीनवर चकती फिरत राहिली, फिरत राहिली, आणि मग एकेक रकाना भरून आला. कांदे. बटाटे. मेथी.

"अगं बाई!" आईनं तोंडावर हात ठेवला. "माझं अक्षर वाचलं हो तुमच्या मशीननं!"

"मशीन कसलं डोंबलाचं!" आप्पा म्हणाले. ते रंगात आले होते. "ऑफिसच्या वरच्या मजल्यावर पोरी बसल्यात टायपायला. फोटो इथून गेला की तिकडे त्यांच्यासमोर उघडतो. त्या वाचतात, भरतात, गिऱ्हाइकाला वाटतं मशीन वाचतंय. हे असलं अक्षर लावणारी आमची कादंबरीच असणार. फार हुशार मुलगी, वाईची आहे."

"म्हणजे फसवणूकच की," आई म्हणाली.

"ऋत्विक म्हणतो, वर्षभरात मशीन शिकेल. तोवर पोरी." आणि आप्पांनी मेथीची जुडी उचलून निवडायला घेतली.

 ते कोणासमोर बोलत होते हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं. त्या टेबलाशी मी समितीवरची मॅडम नव्हतेच, मी नीलू होते. घरातली. आपल्या कामातली गंमत घरात सांगायची नाही तर कुठे सांगायची? मला मात्र मॅडमना दिलेला शब्द आठवला.

निघताना ते फाटकापर्यंत आले.

"नीलू, एक सांगतो. माझ्यासाठी तिथे शब्द टाकू नकोस हां. ही ऑर्डर मी माझ्या हिमतीवर काढणार. त्यांनी मला घेतलं ते उगीच नाही. मुलाखत काय, गप्पाच झाल्या. कारखान्याचं विचारलं, घरी कोण कोण असतं विचारलं. मी म्हटलं, लेक आहे, अमुक कंपनीत मॅनेजर आहे. लगेच उठून हात मिळवला त्यानं. म्हणाला, तुमच्यासारखाच माणूस हवा होता."

"हो आप्पा," मी म्हटलं. आणि गाडी सुरू केली.

सोमवारी मी मॅडमकडे जायला हवं होतं. नाही गेले. मुद्दाम नाही गेले, आणि त्याला कारण होतं. आप्पांच्या कारखान्यात एकदा मालकाच्या मुलाच्या लग्नाच्या हॉलचं बिल मशीनचे पार्ट म्हणून लावायला सांगितलं होतं. आप्पांनी लावलं नाही. त्यांची बढती गेली, ती पुन्हा कधी आली नाही, आणि त्याबद्दल ते एका अक्षरानं कुरकुरले नाहीत. हा माणूस. मी स्वतःला म्हटलं, पुढच्या डेमोत मॅडम विचारणारच आहेत, आणि विचारलं की आप्पा खरं तेच सांगणार. मग मला काही बोलावंच लागणार नाही. घरातलं घरात राहील आणि बाहेर पडायचं ते त्यांच्याच तोंडून पडेल. एवढा विश्वास मी देवावरसुद्धा ठेवलेला नाही.

शेवटचा डेमो सुरू झाला. डेपोवरून आलेली खरीखुरी बिलं मॅडमनी टेबलावर ओतली आणि म्हणाल्या, "कुठलंही उचला." आप्पांनी बर्फवाल्याचं उचललं, ओलं होऊन शाई पसरलेलं. फोटो, चकती, आणि थोड्या वेळानं सगळं बिनचूक. मग गॅरेजचं. मग हमालांच्या मुकादमाचं. इनामदार मान डोलवत होते. ऋत्विक मागे भिंतीला टेकून शांत उभा होता. आप्पांच्या कपाळावर घाम होता, पण आवाज खणखणीत होता.

जयकर मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"टिळेकर साहेब, तुम्ही जन्मभर अकाउंट्स सांभाळलेत. मी कंपनीला विचारत नाही, तुम्हाला विचारते. तुमच्या शब्दावर जाईन. हे मशीनच वाचतं ना? मध्ये माणूस नाही?"

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं.

त्या नजरेचं मी काय सांगू तुम्हाला! शनिवारचं सगळं त्यांना त्या क्षणी आठवलं, हे मला दिसलं. मी ऐकलंय हे त्यांना कळलं. आणि ज्या माणसानं आयुष्यात कधी माझ्याकडे रुपयासुद्धा मागितला नाही, तो त्या टेबलापलीकडून माझ्याकडे काहीतरी मागत होता. गप्प राहा. एवढंच. एकदाच.

मग ते मॅडमकडे वळले.

"हो मॅडम," आप्पा म्हणाले. "मशीनच वाचतं."

मॅडमनी मान हलवली आणि पेन पुन्हा उचललं. त्यांचा विश्वास बसला होता. ऋत्विकनं हलकेच श्वास सोडला तो मला ऐकू आला. मला दवाखान्याची बिलं दिसत होती, आणि गॅलरीत बूट घालून बसलेले आप्पाही दिसत होते.  अजून थोडं थांबले असते तर मॅडमनी गुणांचा आकडा लिहिला असता.

"आप्पा," मी म्हटलं.

त्या खोलीत मी त्यांना आप्पा म्हटलं ते पहिल्यांदाच.

"आप्पा, पोरी कुठे बसतात ते सांगा मॅडमना."

 आप्पांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, पुन्हा घातला. मला वाटलं, आता नाकारतील. नाकारलं असतं तर मी काय केलं असतं, मला आजही माहीत नाही.

"वरच्या मजल्यावर," ते म्हणाले. आवाज एकदम साधा झाला होता, घरातला. "आमच्याच इमारतीत. पाच-सहा जणी आहेत. फोटो त्यांच्याकडे जातो." मग थांबून म्हणाले, "पोरी चांगल्या आहेत हो मॅडम. चूक करत नाहीत. त्यांना काही बोलू नका."

जयकर मॅडमनी फाइल मिटली. आप्पांना त्या एक शब्द बोलल्या नाहीत, उलट उठून दोन्ही हात जोडले. ते मला जास्त लागलं.

बाहेर पॅसेजमध्ये ऋत्विकचा गोडवा संपला. आप्पांना गाठून तो दातओठ खात म्हणाला, "काका, तुम्हाला घेतलं कशासाठी होतं? एवढी एक मुलगी सांभाळता आली नाही तुम्हाला?"

मी मागेच होते. आप्पांनी त्याच्याकडे पाहिलं, मग वळून माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांना सगळं समजलं. मुलाखत, उठून मिळवलेला हात, सगळं.

"अस्सं," आप्पा म्हणाले.

मग त्यांनी ब्लेझर काढला. बाह्या नीट सरळ केल्या, घडी घातली आणि ऋत्विकच्या हातात दिला. "हा कंपनीचा आहे. खिशात काही नाही, बघून घ्या." आणि इस्त्रीच्या शर्टात, बॅगेशिवाय, ते जिन्यानं खाली उतरून गेले. मी हाक मारली. त्यांनी नुसता हात वर केला, येतो म्हणताना करतात तसा.

संध्याकाळी मी घरी गेले तेव्हा आईनं मला दारातच धरलं.

"भर सभेत बापाची लाज काढलीस? तुला काही वाटलं नाही? घरात बोललेलं असं चव्हाट्यावर नेतात का गं?"

"तिला बोलू नकोस," आप्पा आतून म्हणाले. "तिनं बरोबर केलं. खोटं मी बोललो."

"आप्पा, मला शिव्या तरी द्या," मी म्हटलं. मला त्या हव्या होत्या. एक थोबाडीत चालली असती.

"कशाबद्दल? विषय संपला. जेवून जा, आमटी केलीय तिनं."

आणि विषय खरोखरच संपला. तोच नाही, सगळेच. त्या दिवसानंतर आप्पांनी मला त्यांचं म्हणून काहीही सांगितलं नाही. कधी रागानं बोलले नाहीत, टाळलं नाही. फोन केला की उचलायचे. पण बोलणं काय, तर ऊन फार आहे, भाजी महागली, तुझी तब्येत कशी. "तुमचं काय चाललंय?" विचारलं की "मजेत." बस. मी आले की आई आणि ते बोलता बोलता थांबायचे. आपल्याच घरात मी पाहुणी झाले.

इकडे आम्ही दोन बड्यांपैकी एक सॉफ्टवेअर घेतलं आणि मराठी बिलं भरायला डेपोवर आपलीच माणसं नेमली. काम उत्तम चाललं. मला बढती मिळाली. पेढे घेऊन गेले तर आप्पांनी अर्धा खाल्ला, पाठीवर हात ठेवला, "छान" म्हणाले आणि गॅलरीत जाऊन बसले. मी चुकले असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. मॅडमनी उद्या पुन्हा तेच पेन उचललं तर मी पुन्हा तेच बोलेन. पण खरं बोलून माणूस सुखी होतो असं जे कोणी सांगतात ना, त्यांना एकदा माझ्यासमोर बसवा.

अशी काही वर्षं गेली. एका सकाळी आईचा फोन आला. "नीलू, ये," म्हणाली आणि रडायलाच लागली.

दवाखान्यात गेले तर आप्पा ओळखू येईनात. पोटाचा कॅन्सर. गेल्या दिवाळीतच कळलेलं. डॉक्टर ऑपरेशन करा म्हणत होते, धोका होता, पण करा म्हणत होते. आप्पांनी नको म्हटलं होतं. शेजारच्या हिंगणे काकूंना माहीत होतं. माझ्या चुलतभावाला माहीत होतं, तोच त्यांना तपासणीला न्यायचा. कोपऱ्यावरच्या दुकानदारालासुद्धा माहीत होतं. दिवाळीनंतर माझं घरी जाणं राहूनच गेलं होतं; मी तेवढी दर आठवड्याला फोन करत होते आणि "मजेत" ऐकत होते.

"तू पण?" मी आईवर ओरडले, सगळ्यांच्या देखत. "तू पण सांगितलं नाहीस?"

"शपथ घातली होती त्यांनी," आई म्हणाली. "काय करू गं मी?"

आत गेले. आप्पा जागे होते. मी ठरवलं होतं की काही विचारायचं नाही. बसायच्या आधीच तोंडातून निघून गेलं.

"आप्पा, एवढा राग? अजून? मरायला टेकलात तरी मला सांगितलं नाहीत?"

"राग?" त्यांना खरंच नवल वाटलं. "कोणावर? तुझ्यावर? खुळी का काय तू?"

"मग का नाही सांगितलंत?"

त्यांनी पाण्याकडे बोट केलं. मी पाणी पाजलं.

"तुला सांगितलं असतं तर तुला ठरवावं लागलं असतं," आप्पा म्हणाले. "ऑपरेशन करायचं का नाही, ते. डॉक्टर पोरांनाच विचारतात. तू ठरवलंही असतंस. बरोबरच ठरवलं असतंस, तुझं चुकत नाही. पण त्या दिवशी डेमोनंतर तू गाडीत बसून रडत होतीस. स्टिअरिंगवर डोकं आपटत होतीस. मी रस्त्यापलीकडे बसस्टॉपवर उभा होतो. मला यायचं होतं तुझ्याकडे, पण पाऊल उचलेना. तेव्हाच मी मनाशी म्हटलं, आपलं काही म्हणून या पोरीच्या कानावर घालायचं नाही. पुन्हा तिच्यावर अशी पाळी आणायची नाही."

मी त्यांच्या अंगावर पडून रडले. त्यांनी उठून बसायचा प्रयत्न केला, जमलं नाही, मग नुसतेच केसांवरून हात फिरवत राहिले. "अगं, असू दे, असू दे," म्हणत होते.

आठवड्याच्या आत आप्पा गेले. कागदपत्रं घ्यायला गेले तेव्हा डॉक्टर भेटले. तरुण होते, भले होते. म्हणाले, "मॅडम, दिवाळीत तुम्ही आला असतात आणि त्यांना तयार केलं असतंत, तर..."

मी हात जोडले आणि त्यांना पुढचं बोलू दिलं नाही.